संध्याकाळचे आकडे

फोन आला तेव्हा मी नव्या पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. परीक्षा सुरू होत्या, वाशीमच्या आमच्या कॉलेजचं ग्रंथालय रिकामं होतं आणि पंख्याचं एक पातं दर फेरीला कुठेतरी घासत होतं. नागपूरहून रुचिका बोलत होती. बाबांच्या कमरेवर तिथल्या ज्या रुग्णालयात स्टेम सेलचा प्रयोग झाला, तिथे रुग्णांच्या नोंदी सांभाळायचं काम ती करते. बाबा डिसेंबरात गेले. सकाळी तुरीच्या शेतात बांधावर बसले आणि बसल्याजागी त्यांचं हृदय थांबलं. कमरेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, असं रुग्णालयानं चौकशी करून लिहूनही दिलं. त्यानंतर रुचिकाचा फोन आलेला नव्हता. आता ती आधी माझी चौकशी करत राहिली, मग म्हणाली, "ताई, बाबांच्या दुखण्याच्या वहीबद्दल विचारायचं होतं. संध्याकाळचे आकडे फार जास्त आहेत. सकाळी एक, शून्य, एक. संध्याकाळी सात, सात, आठ. रोजच. तपासणीला यायचे तेव्हा मात्र म्हणायचे, काहीच दुखत नाही." मी म्हटलं, मलाही ते तेच सांगायचे. त्यावर ती फार मायेनं म्हणाली, "असं होतं ताई. माणसं डॉक्टरांसमोर लाजतात, घरच्यांपासून लपवतात. वहीत खरं लिहितात." माझ्या बोटाला चिकटलेली चिठ्ठी तशीच राहिली. ती पुढे सांगत होती की सोमवारपर्यंत काही खुलासा मिळाला नाही तर बाबांच्या नावापुढे उपचाराचा फायदा नाही अशी नोंद होईल, आणि वहीच्या पानांचे फोटो ती मला पाठवते आहे. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, एकाच पुस्तकाला मी दोन क्रमांक लावले होते.

ती वही मीच नागपूरला पाठवली होती, न उघडता. बाबा गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांच्या कोटाच्या खुंटीखालच्या फळीवरून ती काढली, पाकिटात घातली आणि पोस्टात दिली. त्यांचं अक्षर बघायची तेव्हा माझी तयारी नव्हती. बाबांचे आकडे मला लहानपणापासून ठाऊक होते. सातचा आकडा ते कोयत्यासारखा काढत, शून्य मात्र इतकं जपून की जणू ते फुटेल. आता फोनच्या काचेवर ते कोयते एकाखाली एक उभे होते. दर दिवसाला दोन चौकटी, सकाळ आणि संध्याकाळ. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, आणि वर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहऱ्यांची रांग. अकरा महिन्यांची पानं. मी चौदा एप्रिलचं पान शोधलं. का शोधलं ते मला माहीत होतं. सकाळ शून्य. संध्याकाळ नऊ.

त्या दिवशी बाबा नाचले होते. आमच्या गावच्या, मेडशीच्या बौद्धवाड्यातून जयंतीची मिरवणूक निघाली तेव्हा पाच वर्षांत पहिल्यांदा ते ओट्यावर न बसता मिरवणुकीत होते, पांढरा सदरा, निळा फेटा, दोन्ही हात वर. त्याआधीची पाच वर्षं मला त्यांच्या डोक्याचा मागचा भागच जास्त आठवतो. ते वाकून चालायचे, त्यामुळे मी घरी गेले की आधी त्यांचं टक्कल भेटायचं आणि मग चेहरा. जेवायला खाली बसणं सुटलं होतं, बाजेवर ताट घेऊन कडेला टेकायचे. कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी झिजली आहे, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी फोटोवर बोट ठेवून दाखवलं. बाकीच्या गाद्या त्या फोटोत भरलेल्या, उजळ. ही एक काळी, चपटी, पाणी आटलेल्या डबक्यासारखी. त्या गादीला रक्त जवळजवळ पोचतच नाही, म्हणून झिजली की ती आपली आपण भरून येत नाही, हे मी नंतर वाचलं. वाचणं हाच माझा धंदा. वाचता वाचताच मला नागपूरच्या प्रयोगाची माहिती मिळाली. कुणा अनोळखी तरुण माणसाच्या हाडांतल्या मगजातून पेशी घ्यायच्या, त्या वाढवायच्या आणि सुईनं त्या झिजलेल्या गादीत सोडायच्या. तिथे त्या तग धरतात का, गादी पुन्हा भरते का, ते बघायचं. अर्ध्या लोकांना पेशी मिळणार, अर्ध्यांना नुसतं मीठपाणी, आणि कुणाला काय मिळालं हे शेवटपर्यंत डॉक्टरांनाही कळणार नाही. हे सगळं मी बाबांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "कोणाच्या हाडातलं हाय ते?" म्हटलं, ते सांगत नाहीत. "अन् त्या पोराले मालूम हाय का, ते देवमनच्या कमरेत जाणार हाय म्हणून? जात-बित काई इचारली नाई त्यानं?" मी नाही म्हटल्यावर ते बाजेवर टेकून कितीतरी वेळ गालात हसत बसले. "मंग तं घेतलंच पाह्यजे," म्हणाले.

जानेवारीत सुई टोचली. फेब्रुवारीत ते घरच्या घरी सरळ चालू लागले, मार्चमध्ये शेतात गेले, आणि एप्रिलमध्ये मी घरी आले तर दारात आधी चेहरा दिसला. दोन बोटं उंच झाले होते असं मला वाटलं. फळीवरचा डबा हात वर करून काढला आणि मला दाखवण्यासाठी पुन्हा ठेवून पुन्हा काढला. शेजारच्या ओट्यावरचे सेवादासकाका, बाबांचे आयुष्यभराचे दोस्त, रोज ओरडून विचारायचे, "काहो देवमनभाऊ, कितवा महिना लागला?" बाबाही पोटावर हात ठेवायचे सोडून कमरेवर ठेवायचे. "चौथा. लाथा मारून राह्यलं." "पोरगं व्हईन का पोरगी?" "शिकंल तं पोरगीच व्हईन," असं म्हणून बाबा माझ्याकडे बघायचे. मी लाजायचे, या वयात. पुस्तकांतून मी दुःखाबद्दल फार वाचलं आहे, आणि ते आलं तेव्हा त्यातलं बरंचसं ओळखीचं निघालं. पण त्या वर्षीचा आमच्या घरातला आनंद मला कुठल्याच पुस्तकात सापडला नव्हता. तो इतका साधा होता की कुणी त्यावर लिहिलं नसावं. एक माणूस जमिनीवर मांडी घालून जेवतो. एक माणूस वाकून स्वतःच्या चपलेचा अंगठा नीट करतो आणि परत सरळ होतो, एवढंच. बाबा गेल्यानंतर मी या वर्षावर टेकून उभी होते. चार महिने कामावर जात होते, रांधत होते, झोपत होते, कारण शेवटचं एक वर्ष तरी त्यांचं चांगलं गेलं, हे माझ्याकडे होतं. आता त्याच वर्षाच्या प्रत्येक संध्याकाळी सात लिहिलेला होता. नाचून आल्यावर नऊ. म्हणजे मला दाखवायला नाचले. डबा मला दाखवायला काढला. मी एवढा उत्साह दाखवला होता, पत्रकं वाचली होती, नागपूरच्या चार खेपा केल्या होत्या, म्हणून ते माझं मन राखत होते. माझे बाबा असं करू शकत होते, हेच सगळ्यात वाईट होतं. ते तसे होतेच.

शनिवारी सकाळी मी मेडशीची एसटी धरली. खिडकीच्या कडेला बसून पुन्हा पानं बघितली. मालेगावच्या अलीकडे एक गोष्ट ध्यानात आली. ऑगस्टात बाबा तीन दिवस माझ्याकडे वाशीमला राहायला आले होते. त्या तिन्ही दिवशी सकाळची चौकट भरलेली होती, शून्य, शून्य, एक. संध्याकाळची तिन्ही दिवशी कोरी. त्या संध्याकाळी मला आठवत होत्या. आम्ही पद्मतीर्थाच्या तळ्यावर फिरायला गेलो होतो, पायऱ्यांवर बसून फुटाणे खाल्ले होते, आणि घरी आल्यावर ते वही उशाशी ठेवून झोपले होते. म्हणजे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, त्यांना सात लिहवला नाही. आणि खोटा शून्यही लिहवला नाही. कोरी चौकट ठेवली. गाडीतल्या माणसांच्या हातातली रोपं, पिशव्या, कुणाच्या तरी मांडीवरचं कोंबडीचं पिल्लू, सगळं त्या कोऱ्या चौकटीतून दिसत असल्यासारखं झालं. माझ्या मनात एक शास्त्रीय विचारही येत होता, आणि त्याचा मला राग येत होता. रात्री आडवं झालं की मणक्यांवरचा भार उतरतो, गाद्या पाणी शोषून जरा फुगतात. म्हणून सकाळी माणूस किंचित उंच असतो, आणि दिवसभरात पुन्हा दबत जातो. सकाळी बाबा बरे असतील. संध्याकाळपर्यंत वर्ष दबत गेलं असेल.

माय अंगणात बसून तुरीची डाळ पाखडत होती. मला बघून सूप थांबलं. "काहून वं, अशी अवचित आली? बरं हाय ना?" म्हटलं, सुट्टी होती. "जेवली का? भाकर टाकू का?" म्हटलं, नंतर. तिनं उठायला एक हात जमिनीवर टेकला, दुसरा गुडघ्यावर, आणि मग एका झटक्यात उभी राहिली. तिचं हे उठणं मी जन्मभर बघत आले आहे. आत गेल्यावर मी पाणी प्यायले आणि फार आडवळणं न घेता विचारलं, "माय, बाबाची कंबर संध्याकाळी लय दुखे का?"

"कोणाची? त्याहीची?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी उन्हातून आल्यामुळे काहीतरी बरळते आहे. "नाई वं. दुखली असती तं सेवादासच्या ओट्यावर दिवा लागेपर्यंत गप्पा हाणत बसले असते का? मीच बलावून बलावून थको."

"मंग हे काय?" मी फोन तिच्यासमोर धरला. मायला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. तिनं डोळे बारीक करून पान बघितलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला, ओळखीचं माणूस दिसल्यासारखा.

"हे तं माहे हायेत."

"तुहे? काय तुहे?"

"माहे आकडे. रोज दिवा लागे, मंग ते वही घेऊन बसत. 'हं रुख्मिणे, सांग आता, किती?' मी म्हणो, सात. ते लिहीत. कधी म्हणत, 'पाह्य, इचार करून सांग, नागपूरले जाणार हाय.' मंग मी चालून पाहो दोन पावलं अन् म्हणो, आठ लिवा."

ती मला समजावू लागली, जसं मी बाबांना पेशी समजावल्या होत्या. "दोन खाने होते ना पोरी. दोघंच राह्यतो आमी घरात. ते म्हणत, 'एकाच माणसाले एका दिसातून दोनदा कायले इचारतीन? वही घरात एकच देल्ली, राशन कार्डावाणी. एक खाना माहा, एक तुहा.' त्याहीले सकाळी फुरसत, उठले की लिहून टाकत. मले सकाळी कोठी फुरसत हाय? म्हणून माहा संध्याकाळचा."

"अन् बाबा माह्याकडे आले होते तेव्हा?"

"तेव्हा मी अथीच होती. माहं दुखणं त्याहीले वाशीमले कसं दिसंन?" मग माझ्या हातातला फोन तिनं स्वतःकडे वळवला. "जयंतीचं काढ बरं." मी काढलं. तिनं नऊवर बोट ठेवलं. "हे बरोबर लिवलं. दोनशे माणसाच्या पुऱ्या लाटल्या आमी पाच जणींनी. सकाळपासून वाकून. ते नाचत होते अन् मी लाटत होती."

ते नाचत होते. हे वाक्य मायनं किती सहज म्हटलं, आणि ते माझ्या आत कुठेतरी जाऊन बसलं, आणि तिथून काहीतरी वर येऊ लागलं जे मला आधी रडणं वाटलं. ते हसणं होतं. मी भिंतीला टेकून हसत सुटले. अकरा महिने! नागपूरच्या सहा डॉक्टरांचा प्रयोग, छापील वही, हसरे-रडके चेहरे, आणि माझ्या बाबांनी ती घेऊन त्यातली अर्धी बायकोला वाटून दिली. शून्य त्यांचा होता. सगळे शून्य त्यांचेच होते. जपून काढलेले, न फुटणारे. डबा खरा होता, चप्पल खरी होती, फुटाणे खरे होते. त्यांच्या कमरेत पेशी होत्या की मीठपाणी, हे अजून कुठल्या तरी बंद पाकिटात आहे, आणि त्या क्षणी मला त्याचं काहीच वाटेना. माझं वर्ष मला परत मिळालं होतं, होतं त्यापेक्षा मोठं होऊन. कारण आता त्यात रोज एक संध्याकाळ होती, दिवा लागलेली, आणि त्या संध्याकाळी एक माणूस पेन घेऊन आपल्या बायकोला विचारत होता की तुझं किती दुखतं, आणि उत्तर बरोबर यावं म्हणून थांबत होता. मी त्यांच्या घरात अठरा वर्षं वाढले. असं काही त्यांच्यात बोललं जातं याची मला कल्पना नव्हती.

"हासून काय राह्यली?" माय म्हणाली, पण तीही हसत होती, कशाला ते न कळून. माझं हसू मग आपोआप उतरत गेलं, कारण डोळ्यांसमोर पान होतं आणि पानावर सात होते. सात, सात, आठ, सात. निंदणाच्या दिवसांत आठ. सोयाबीनच्या सोंगणीत आठवडाभर नऊ. बाबांच्या एका गादीसाठी मी चार वेळा नागपूरला गेले. "माय," मी विचारलं, "तू मले काहून नाई सांगतलं?"

"सांगत तं होती," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "रोज सांगत होती. मले वाटे, तथी नागपूरचा डॉक्टर पाहात असंन, रुख्मिणीचं आज आठ झालं म्हणून. मंग तू वही घेऊन गेली. आता कोणाले सांगू?"

मी अंगणात येऊन रुचिकाला फोन लावला. शनिवार असूनही तिनं उचलला. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. मध्ये ती दोनदा "म्हणजे?" म्हणाली, आणि मग फोनमधून एक बारीक आवाज आला, आठ वर्षं रुग्णांचे आकडे भरणारी ती मुलगी हसू दाबत होती की दुसरं काही, ते मला कळलं नाही. "ताई, हे मी आजवर ऐकलं नव्हतं," ती म्हणाली. ती नियमांची मुलगी आहे, लगेच सावरली. संध्याकाळच्या सगळ्या चौकटी कोऱ्याच धराव्या लागतील, म्हणाली. सकाळचे आकडे बाबांचेच आहेत असं आम्ही लिहून दिलं तर ते राहतील. शेवटी समिती ठरवेल, पण तिच्या मते बाबांचं नाव प्रयोगात राहील, आणि फायदा नाही हा शेरा नक्कीच जाईल. "तुमचे बाबा सकाळी बरे होते, एवढं आम्ही म्हणू शकू." म्हटलं, एवढं पुरे. खरंच पुरे होतं. माय दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं, बाबाचे आकडे ठेवणार आहेत.

"अन् माहे?"

"तुहे काढतीन माय. वही बाबाच्या नावाची होती ना."

"काढतीन? काहून?" तिचा आवाज चढला. "मी का लबाड सांगतलं? आण तो फोन." तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि तोंडासमोर आरशासारखा धरला. मी स्पीकर सुरू करून दिला. "हॅलो. मी रुख्मिणी बोलून राह्यली, देवमनची. तुमी माहे आकडे काढता म्हणे?"

रुचिका तिला मावशी म्हणाली, नियम सांगू लागली. मायनं नियम पूर्ण ऐकून घेतला. "असंन नियम. पण मी काई खोटं नाई सांगतलं. तुमाले नको असतीन तं माही वेगळी वही धाडा." वही आता मिळत नाही, प्रयोगात नवी माणसं घेणं बंद झालं, असं रुचिका सांगत होती; पण मावशी, तुम्ही तपासायला या, सोमवारीच या, मी स्वतः तुम्हाला डॉक्टरांकडे नेते. "सोमवारी?" मायनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "येतो मंग. पोरगी आणते मले. पण वही लागंन बाई. साधीच द्या, दोन खान्याची. सकाळचा बी माहा, संध्याकाळचा बी माहाच. आता मले वाटेकरी नाई राह्यला."

पलीकडून कागद सरकवल्याचा आवाज आला, आणि रुचिकानं अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "मावशी, मी आत्ताच लिहून घेते. नेमकं कुठे दुखतं, सांगता का?"

"सांगतो ना." मायनं पदर सावरला, अंगणाच्या मधोमध पाठमोरी उभी राहिली आणि फोन मागे नेऊन कमरेला लावला. "हे पाह्य, इथी." तिकडून काही उत्तर येईना तेव्हा तिनं तो आणखी दाबून धरला. "दिसलं का? इथी, इथी." सेवादासकाका आपल्या ओट्यावरून उठून बघू लागले. "काय हो वहिनी, फोन दुखून राह्यला का?" ते ओरडले. "तुमी गुमान बसा," माय म्हणाली, पण फोन हलवला नाही. मी तिच्या मागे गेले. लुगड्याच्या गाठीच्या वर, फोनच्या कडेला, तिचं बोट टेकलं होतं तिथे मी माझं बोट ठेवलं. हाड उन्हानं तापलेलं होतं. मी बोटानं मणके मोजत खाली गेले, परत वर आले, आणि वाकून फोनजवळ तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं, "खालून दुसऱ्या मणक्यापाशी. जरासं उजवीकडे."

"बरोबर," माय म्हणाली. "लिवा."